ठेकेदाराच्या माणसाचीही सभासदत्वाची पावती फाडा

प्रति,
मध्य रेल्वे, मुंबई विभागातल्या मान्यताप्राप्त कामगार संघटनांचे पदाधिकारी,
आणि ठाणे, कळवा, सानपाडा, पनवेल इथले सर्व सभासद

कामगार बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२४ मध्ये ४, ५ आणि ६ तारखेला रेल्वेत गुप्त मतदान झालं. २०१३ नंतर थेट तेव्हाच. कुठली संघटना मान्यताप्राप्त हे ठरवायचं होतं, आणि रेल्वेच्या पे-स्लिपवर ज्याचं नाव त्यालाच मत होतं. नियमच तसा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच फलाटावर, त्याच यार्डात, त्याच रुळांवर रोज राबणारी आणखी हजारो माणसं आहेत. ती ठेकेदारांमार्फत लागलेली, त्यांच्याकडे रेल्वेची पे-स्लिप नाही. ती तुमच्या हिशेबात कुठं बसतात, हे विचारायला हे पत्र लिहिते आहे. उघड लिहिते आहे, कारण हे शाखेच्या ऑफिसात येऊन चहा पिता पिता बोलले तर "ताई, बघू" एवढ्यावर संपेल.

माझी ओळख थोडक्यात. माझे बाबा रेल्वेत गँगमन होते. नंतर त्या पदाला ट्रॅकमन म्हणू लागले, आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात. काम तेच, पहार, पाना आणि खडी. आम्ही कळव्याला खारेगावच्या बाजूला वाढलो, आता मी कोपरखैरण्याला राहते आणि नौपाड्यातल्या एका ऑफिसात पी.एफ., ईएसआय (कामगार विमा) आणि मस्टरची, म्हणजे हजेरीपटाची, कामं करते. आमचे बरेचसे अशील लेबर सप्लायवाले आहेत. त्यातल्या काहींकडे रेल्वेची कंत्राटं असतात. म्हणजे एका बाजूनं मी तुमच्यातल्याच एकाची मुलगी, दुसऱ्या बाजूनं ठेकेदाराच्या कागदांत रोज डोकं घालून बसणारी.

ठेकेदारी आज आली असं मी म्हणणार नाही. बोरीबंदर ते ठाणे हा पहिला मार्गसुद्धा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीनं ठेकेदारांकडून बांधून घेतला होता. भोर घाटात हजारो मजूर पटकीनं, तापानं आणि सुरुंगाखाली गेले, तेही ठेकेदारांचेच. पण रेल्वे बांधणं वेगळं आणि बांधलेली रेल्वे रोज चालती ठेवणं वेगळं, असा एक भेद पुढं शंभर वर्षं बराच पाळला गेला. बांधायला ठेकेदार, चालवायला रेल्वेचा माणूस. आता तो भेदच पुसट होत चालला आहे.

बाबांचं उदाहरण देते, कारण ते तुमच्या संघटनांच्या इतिहासाशी जोडलेलं आहे. बाहत्तरच्या दुष्काळानंतर ते नगर जिल्ह्यातून इकडे आले आणि हंगामी म्हणून लागले. तेव्हा ओपन लाइनवर, म्हणजे चालत्या मार्गावर, सलग १२० दिवस भरले की हंगामी कामगाराला टेंपररी स्टेटस मिळायचं: पास, रजा, वेतनश्रेणी. म्हणून १२० भरायच्या आत नाव काढायचं, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा लावायचं. याला "ब्रेक" म्हणायचे. बाबांना असे ब्रेक कितीतरी वेळा बसले. ब्रेकच्या दिवसांत ते मुंब्र्याच्या खदानीत खडी फोडायला जायचे आणि तीच खडी पुढं रुळांत येते असं हसत सांगायचे.

मग ८ मे १९७४ चा संप झाला. जॉर्ज फर्नांडिस पुढारी, सतरा लाखांच्या आसपास माणसं, आणि वीस दिवसांत सरकारनं तो चिरडला. बोनस आणि वेतनाच्या मागण्या सगळ्यांना आठवतात. हंगामी कामगारांना कायम करा हीही त्याच यादीतली मागणी होती, ती फारशी कुणाला आठवत नाही. संप हरला, पण ती मागणी मेली नाही. १९८५ मध्ये इंद्रपाल यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रकल्पांवरच्या हंगामी कामगारांना टप्प्याटप्प्यानं सामावून घेण्याची योजना मान्य केली. ओपन लाइनवरचेही हळूहळू कायम होत गेले. बाबा त्यातच झाले. पुढं ते कळवा ते मुंब्रा पट्ट्यात गँगमध्ये राहिले. पावसाळ्यात पारसिकच्या डोंगराखालून रात्रपाळीला कंदील, झेंड्या आणि गाडीला इशारा द्यायचे फटाके घेऊन गस्त घालायचे. आमच्या घरात आलेली पहिली इस्त्रीची पॅंट, माझं कॉलेज, आईचं कल्याणच्या रेल्वे रुग्णालयातलं ऑपरेशन आणि आज आईला मिळणारी फॅमिली पेन्शन, हे सगळं त्या एका "कायम" झाल्याच्या कागदातून आलं.

तो हंगामी कामगार निदान रेल्वेच्या हजेरीपटावर तरी होता. ब्रेक दिला तरी तो रेल्वेनंच दिला असायचा. त्यामुळे कोर्टात जाऊन "मी इतके दिवस तुमच्याकडे काम केलं" असं तो म्हणू शकला. आजचा माणूस त्याच जागी, त्याच पहारीनं, त्याच खडीत काम करतो, पण त्याचं नाव ठेकेदाराच्या वहीत असतं आणि रेल्वेच्या कुठल्याच वहीत नसतं. ब्रेक द्यायचीही गरज उरली नाही. टेंडरची मुदत संपली की तो आपोआपच बसतो.

यात न्यायालयाचा रस्ताही अरुंद झाला आहे. ठेकेदारी बंद केली की कामगार आपोआप मुख्य मालकाचा होतो, असं १९९६ मध्ये एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं. २००१ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं स्टील अथॉरिटीच्या खटल्यात ते फिरवलं. आपोआप काही होणार नाही. कंत्राट निव्वळ बनावट होतं, देखरेख आणि ताबा मालकाचाच होता, हे कामगारानं सिद्ध करावं. बारा हजार-पंधरा हजार हातात पडणाऱ्या माणसानं हे सिद्ध करायचं, तेही नोकरी टिकवून. तुमच्यासारखी संघटना पाठीशी नसेल तर तो दिवाणी दावा आणि कामगार न्यायालय यांतला फरक कळेपर्यंतच थकतो.

आता ठेकेदारीचं आतलं गणित सांगते. हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, पण शाखेच्या सभेत कधी बोललं जात नाही.

रेल्वे ही केंद्राच्या अखत्यारीत, म्हणून तिच्या ठेकेदाराच्या कामगाराला केंद्राचं किमान वेतन लागू. मुंबईच्या सलग नागरी पट्ट्यातली ठाणे-नवी मुंबई ही "ए" श्रेणीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून साफसफाई, बांधकाम, मालाची चढ-उतार अशा कामांसाठी अकुशल कामगाराला रोज ७८३ रुपये असा दर होता. २६ दिवसांचे २०,३५८. हा दर दर सहा महिन्यांनी महागाईप्रमाणे फिरतो. शिवाय पी.एफ.चा मालकाचा वाटा, ईएसआयचे मालकाचे सव्वातीन टक्के, बोनस. हे सगळं टेंडर काढणाऱ्याला माहीत असतं आणि भरणाऱ्यालाही. मग सगळ्यात कमी बोली लावणारा, ज्याला आम्ही "एल-वन" म्हणतो, तो कमी कशातून करतो? वेतन कमी दाखवता येत नाही, कारण ते कायद्यानं ठरलेलं. सर्व्हिस चार्ज नाममात्र दाखवतो. मग नफा येतो कुठून?

दोन ठिकाणांहून. एक, माणसांच्या संख्येतून. कंत्राट पुष्कळदा कामावर मोजलं जातं, डोकी मोजून नाही. अमुक फलाट, अमुक चौरस मीटर, अमुक डबे. वीस जणांचं काम चौदा जणांकडून करून घेतलं की सहा जणांचा पगार सुटला. दोन, परतीच्या पैशातून. खात्यात पूर्ण पगार जमा होतो, बँकेचं स्टेटमेंट स्वच्छ, आमच्या ऑफिसातलं चलन स्वच्छ. मग सुपरवायझर सांगतो, "वरचे चार परत आणून दे." चार म्हणजे चार हजार. काहींची एटीएम कार्डं सुपरवायझरच्या पाकिटात असतात, हे मला कामगारांनीच सांगितलेलं आहे. कुणाचं नाव मी इथं घेणार नाही. घेतलं तर त्या ठेकेदाराचं काही होणार नाही, ज्यानं सांगितलं त्याचा मात्र गेटपास दुसऱ्या दिवशी जाईल.

रेल्वेनं यावर काहीच केलं नाही असं नाही. २०१८ पासून "श्रमिक कल्याण" नावाचं पोर्टल आहे. ठेकेदारानं त्यावर कामगारांची नावं, वेतन, पी.एफ. सगळं भरायचं. कल्पना उत्तम आहे. पण त्यात भरणारा ठेकेदार किंवा आमच्यासारखं ऑफिस, आणि तपासणारा साहेब ज्याच्या टेबलावर बिलं साचलेली. खात्यात आलेला पैसा पुन्हा कुणाच्या खिशात गेला हे कुठल्याच पोर्टलला दिसत नाही. ते फक्त माणसाला दिसतं. म्हणून मी तुमच्याकडे येते.

ग्रॅच्युइटीचं सांगते. एकाच मालकाकडे पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी, हा १९७२ चा नियम आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का आहे. कंत्राट साधारण दोन-तीन वर्षांचं असतं. त्यानंतर पाटी बदलते, ठेकेदाराचं नाव बदलतं, गणवेशाचा रंग बदलतो. झाडू तोच, फलाट तोच, बाई तीच. माझ्याकडे अशा बायकांच्या फायली आहेत की एका स्टेशनावर मुलं मोठी झाली, पण नोकरीचं पहिलं वर्ष दर वेळी नव्यानं सुरू झालं. पी.एफ.चा यूएएन नंबर एक राहतो, हे त्यातल्या त्यात बरं. पण जुन्या ठेकेदारानं बाहेर पडल्याची तारीख भरली नाही की जुन्या खात्यातले पैसे अडकतात, आणि तो ठेकेदार तेव्हा दुसऱ्याच राज्यात काम करत असतो. फोन उचलत नाही. मग ती बाई आमच्या ऑफिसच्या जिन्यात बसून राहते.

ईएसआयमध्ये तर एक वेगळीच गंमत आहे. ईएसआय २१,००० रुपये महिना वेतनापर्यंत लागू होतो. ही मर्यादा २०१७ च्या जानेवारीत ठरली. ऑक्टोबर २०२४ च्या दरानं अकुशल कामगार २०,३५८ वर त्यात जेमतेम बसत होता. पण तोच माणूस कागदावर अर्धकुशल झाला की तेव्हाचा दर ८६८ रुपये रोज, महिन्याचे २२,५६८, आणि तो ईएसआयच्या बाहेर जायचा. म्हणजे बढती झाली आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटचं कामगार विमा रुग्णालय सुटलं. गेल्या पावसाळ्यात असाच एक जण रात्रीच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे गाड्या थांबवून चालणाऱ्या रुळांच्या कामात, होता. रुळांखाली घालायचा स्लीपर पायावर पडला, पंजा चिरडला. शेजारी तुमचे सभासद होते, त्यांनीच उचलून रिक्षात घातलं, त्यांचे आभार. पण पुढं काय? रेल्वेचं रुग्णालय त्याचं नाही, ईएसआयचं त्याचं नाही. महापालिकेच्या रुग्णालयात गेला, घरच्यांनी वर्गणी काढली. भरपाईची तरतूद १९२३ पासून कायद्यात आहे, तिच्यात मुख्य मालकावरही जबाबदारी येते. पण तो दावा कुणी, कसा, कुठं लावायचा, हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं. तुमच्या शाखेत हे जाणणारे किमान तीन जण आहेत. मी त्यांना ओळखते.

नवी मुंबईत तर गुंता आणखी एक आहे, आणि तो खास आपलाच. तिथली रेल्वे सिडको (नवी मुंबई वसवणारं राज्य सरकारचं महामंडळ) आणि रेल्वे यांनी मिळून उभी केली, खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोचा आणि ३३ रेल्वेचा. १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी, २००४ मध्ये ठाणे-वाशी, २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत. स्टेशनांच्या भव्य इमारती आणि आवारं सिडकोनं बांधली, त्यांची देखभालही बरीच वर्षं सिडकोकडे. रूळ, सिग्नल, गाड्या रेल्वेच्या. त्यामुळे जिथं आवार सिडकोच्या ठेकेदाराकडे आणि फलाट रेल्वेच्या ठेकेदाराकडे, तिथं दोन बायका दहा पावलांच्या अंतरावर झाडतात आणि एकीला राज्याचं किमान वेतन, दुसरीला केंद्राचं. दोघी एकाच लोकलनं येतात. एकीची तक्रार राज्याच्या कामगार आयुक्तांकडे, दुसरीची केंद्राच्या. कुठली कुणाची, हे स्टेशनावर कुठंच लिहिलेलं नसतं. बेलापूर-पेंधर मेट्रोचीही तऱ्हा तीच: बांधली सिडकोनं, चालवते महामेट्रो. तिथल्या कामगारांचं काय, ते तुमच्या कक्षेत येत नाही, म्हणून इथं सोडते.

तुम्ही म्हणाल, आमचीच पदं जातायत, आम्ही दुसऱ्यांचं काय बघू? हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच तर लिहिते आहे. १९९०-९१ मध्ये रेल्वेत साडेसोळा लाख माणसं होती. आता बारा लाखांच्या आसपास. या काळात गाड्या वाढल्या, मार्गिका वाढल्या. आपल्याकडचीच ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. सगळी घट ठेकेदारीमुळं झाली असं म्हणणं खोटं ठरेल. रुळांखालची खडी दाबणारं टॅम्पिंग मशीन आलं तिथं पूर्वीइतकी मोठी गँग लागत नाही, मोबाइलवर तिकीट निघतं तिथं सगळ्या खिडक्या लागत नाहीत. डब्यांतले जैव-शौचालय आल्यावर रुळांवरची घाण उचलण्याचं अमानुष काम बरंच कमी झालं, त्याचा मला आनंदच आहे. पण काही पदं यंत्रानं नेलेली नाहीत. २०१५ मध्ये रेल्वेच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या देबरॉय समितीनं रेल्वेनं गाड्या चालवण्याच्या मुख्य कामावर लक्ष द्यावं, बाकीचं वेगळं काढावं असं सांगितलं. २ जुलै २०२० ला रेल्वे बोर्डाचं पत्र आलं: सुरक्षेशी संबंधित पदं सोडून नवी पदं नकोत, आणि रिकाम्या पदांपैकी निम्मी परत करा. काम मात्र परत गेलं नाही. ते टेंडरमध्ये गेलं.

आणि ज्या जागा आहेत त्याही वेळेवर भरल्या जात नाहीत. २०२३ च्या मध्याला गट "क"मधली सुमारे अडीच लाख पदं रिकामी असल्याचं खुद्द सरकारनं संसदेत सांगितलं. २०१९ च्या लेव्हल-वन, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, भरतीत १,०३,७६९ जागा होत्या, अर्ज एक कोटीच्या वर गेले, आणि परीक्षा झाली २०२२ मध्ये. आमच्या शेजाऱ्यांचा दिवा गावात राहणारा भाचा त्या परीक्षेची वाट बघत अभ्यासिकेत बसायचा. बसता बसता वय निघून गेलं. आता तो एका ठेकेदाराकडे यार्डात डबे धुतो. म्हणजे रेल्वेत लागलाच म्हणायचा. सहायक लोको पायलटच्या ५,६९६ जागा २०२४ मध्ये एकदम १८,७९९ केल्या, त्या कांचनजंगा एक्स्प्रेसचा अपघात झाल्यावर. जागा लागतात हे तेव्हा दिसलं. २० मार्च २०१८ ला अप्रेंटिस मुलांनी दादर-माटुंग्याच्या मध्ये रुळांवर बसून सकाळची वाहतूक अडवली होती. त्या दिवशी मीही अडकले होते आणि शिव्या घातल्या होत्या. वर्षभर रेल्वेच्या शेडमध्ये शिकवायचं, प्रमाणपत्र द्यायचं आणि मग वीस टक्के राखीव जागांची भरती कधी निघेल ते बघत बसा म्हणायचं, यावर त्यांचा राग होता. तो राग खोटा नव्हता.

आता नवे कायदे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात मुख्य कामात ठेकेदारी नको असं म्हटलं आहे, हे ऐकायला छान. पुढं वाचा. साफसफाई, सुरक्षा, खानपान, चढ-उतार, आणि बांधकाम, देखभालीसकट, ही कामं मुख्य कामांतून वगळली आहेत, जोवर ती संस्था त्याच कामासाठी उभी केलेली नाही. मग रूळ बदलणं हे बांधकाम की रेल्वे चालवणं? डबा धुणं ही साफसफाई की गाडीची देखभाल? याचा अर्थ कोण लावणार, यावर पुढची वीस वर्षं ठरणार आहेत. शिवाय पूर्वी २० कंत्राटी कामगारांपासून लागू होणारी ही तरतूद आता ५० पासून लागू होते. ४९ जणांची कंत्राटं किती निघतात ते बघत राहा. एक चांगली गोष्ट मात्र जुन्या कायद्यातून नव्यात टिकली आहे: ठेकेदारानं पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मुख्य मालकाची. ही तरतूद आजवर रेल्वेत किती वेळा वापरली गेली? तुम्ही सांगा, तुमच्याकडे दस्त असतील.

तुमची ताकद किती आहे हे मी पाहिलं आहे. मुंब्र्याला जून २०२५ मध्ये झालेल्या दुर्घटनेत दोन अभियंत्यांवर गुन्हा दाखल झाला, त्याच्या निषेधात ६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सीएसएमटीवर काम थांबलं आणि मुंबई ठप्प झाली. ते बरोबर होतं की नव्हतं यात मी पडत नाही. त्या संध्याकाळी रुळांतून चालत निघालेल्या प्रवाशांचे जीव गेले, हेही मला विसरता येत नाही. मुद्दा इतकाच, की आपल्या माणसावर आलं की तुम्ही गाडी थांबवू शकता. ज्याच्या पायावर स्लीपर पडला त्याच्यासाठी गाडी थांबवा असं मी म्हणत नाही. त्याच्यासाठी एक अर्ज तरी लिहा.

माझं मागणं लहान आहे. ठेकेदाराच्या माणसाला सभासद करून घ्या. नियमावलीत बसत नसेल तर सहयोगी सभासद करा, वर्गणी कमी ठेवा, पण त्याच्या हातात तुमची पावती असू द्या. वेगळी ठेकेदारी कामगारांची संघटना काढा असं सांगू नका. ती निघते, टिकत नाही, कारण ठेकेदार बदलला की तिचे सभासदच पांगतात. तुमची शाखा पांगत नाही.

दुसरं, प्रत्येक स्टेशनावर मराठीत पाटी लावून घ्या. कुठलं काम कुठल्या ठेकेदाराकडे, कंत्राट कधीपासून कधीपर्यंत, माणसं किती, रोजचा दर किती, पगाराची तारीख कोणती, तक्रार कुणाकडे. हे मी मनातून सांगत नाही. १९७१ च्या नियमांत दर, वेळ आणि पगाराची तारीख इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत कामाच्या जागी लावा असं लिहिलेलं होतंच. कुठं लावलेलं पाहिलंय? मी ट्रान्सहार्बर लोकलनं रोज जाते, मला तरी दिसलेलं नाही. नवे नियम काहीही म्हणोत, पाटी लावायला कुणाची मनाई नाही. ती असली की प्रवासीही मोजेल, वीस लिहिलेत आणि दिसतायत चौदा. अडीच हजार रुपयांचा पत्रा आणि रंग, एवढाच खर्च आहे.

तिसरं, पीएनएमच्या, म्हणजे प्रशासन आणि संघटना यांच्या वाटाघाटीच्या, बैठकीत तुमची डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) साहेबांशी ठरावीक मुदतीनं गाठ पडते. तिथं विषय लिहून द्यावा लागतो. श्रमिक कल्याण पोर्टलवरची स्टेशननिहाय माहिती संघटनेला मिळावी, एवढा एक विषय द्या. आणि टेंडर बदललं तरी आधीच्याच माणसांना प्राधान्यानं घ्यावं, त्यांची जुनी वर्षं मोजावीत, अशी अट नव्या टेंडरमध्ये घाला असं म्हणा. पहिल्या बैठकीत नकार येईल. दुसऱ्यात "धोरणात्मक बाब" असं उत्तर येईल. हे उत्तर १९७० च्या दशकात हंगामी कामगारांबद्दलही यायचं, तुमच्याच जुन्या इतिवृत्तांत सापडेल.

काही जण कुजबुजतील की ठेकेदाराचे लोक बाहेरचे, आज इथं उद्या तिथं, त्यांना काय संघटना. कळव्यातल्या चाळीत आमच्या बाबांबद्दलही असंच बोलत. शिवाय यातले निम्मेअधिक आपल्याच दिवा, मुंब्रा, घणसोली, तुर्भे भागातले आहेत, बायका तर जवळपास सगळ्याच. परप्रांतातून आलेलेही आहेत, आणि त्यांचाही पगार बुडतोच.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मी झाकत नाही. तुमचे काही सभासद स्वतःच ठेकेदाराच्या माणसाकडून काम करून घेतात. पहार त्याच्या हातात, सही यांची. सुपरवायझरशी काहींचे संबंध गोड आहेत. पावती फाडायला लागलात की हे संबंध बिघडतील आणि शाखेत भांडणं होतील. ती झाली तर होऊ द्या. आज ज्याच्याकडून रात्रीच्या ब्लॉकमध्ये कामं करून घेता, त्याच्या कामाच्या जोरावरच उद्या तुमच्या गँगचं पद परत करायचं पत्र निघणार आहे, हे त्या सभासदाला समजावणं तुमचं काम आहे, माझं नाही.

माझ्याकडून जे होईल ते मी करते. रविवारी मेगाब्लॉक असतोच, लोकांना कुठं जाता येत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी दहा ते एक मी ठाणे शाखेच्या ऑफिसात बसायला तयार आहे, तुम्ही खुर्ची द्याल तर. कामगारानं पासबुक, यूएएन आणि गेटपास आणावा. पगार किती यायला हवा होता आणि किती आला, पी.एफ. भरला की नाही, जुन्या ठेकेदाराकडं पैसे अडकलेत का, हे मी बघून कागदावर लिहून देईन. फी नाही. एवढं मात्र हवं, की त्या कागदाखाली संघटनेचा शिक्का पडावा आणि तो केंद्रीय कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तुमच्यापैकी कुणीतरी घेऊन जावं. माझ्या एकटीच्या सहीला तिथं कुणी विचारणार नाही, आणि माझी नोकरीही जाईल.

होकार असेल तर शाखेच्या फलकावर तारीख लिहा. मी वाचेन, रोज त्याच पुलावरून जाते.

आपली,
एका ट्रॅकमनची मुलगी
कोपरखैरणे, नवी मुंबई